शुक्रवारची रेघ

माझा हात थरथरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या एका आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने आणि मुंबईच्या एका दुकानदारानेसुद्धा मला तोंडावर सांगितलं होतं की बाई, तुझा हात थरथरतो. आईने तर मनगटाला दोरा बांधला. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं फिरतं.

दुसऱ्या कुठल्या घरात कोणी हे बोललं असतं तर हसून सोडून दिलं असतं. आमच्या घरात हात थरथरणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. बाबा कापडाच्या ताग्यांवरची लेबलं काढायचे. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, कापड निघून तयार झालं की त्याचा तागा घडी घालून बांधतात आणि वर एक रंगीत कागद चिकटवतात. कमळ, दोन हरणं, घागर घेतलेली बाई, असं काहीतरी. गिऱ्हाईक नाव वाचत नाही, चित्र बघून माल मागतं. "हरणवाली लुंगी द्या." ती हरणं कोणीतरी बसून काढलेली असतात, हे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. भिवंडीच्या बाजारातली कितीतरी हरणं बाबांची होती.

मग बाबांना कंपवात झाला. आधी उजवा हात, मग डावाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, आईने त्यांना अकलोलीला नेऊन गरम पाण्याच्या कुंडात हात बुडवून आणले. काही फरक पडला नाही. बाबांनी एक दिवस ब्रश धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिले. तेव्हापासून ते पाहुण्यांसमोर चहा घेत नसत. "आत्ताच झाला," म्हणायचे. झालेला नसायचा.

चित्र काढायला मी बाबांकडेच शिकले. त्यांचं शिकवणं म्हणजे एकच धोशा. "जोरात ओढलेली रेघ कुनाची पन सरळ येते. सावकाश ओढ. सावकाश ओढली का समजतं कुनाचा हात कसा हाय ते." आम्ही गावातले लोक, बाबा शेवटपर्यंत हाय-न्हायच बोलायचे. मी शाळेत जाऊन सुधारले, म्हणजे असं शाळेतल्या बाईंना वाटायचं. पण रेघ मी बाबांचीच शिकले, सावकाश.

हे सगळं दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतलं. एके दिवशी छापखान्याच्या शेठनी मला बोलावलं आणि समोर एक जुनं लेबल टाकलं. लाल गोलात हिरवा पोपट, फांदीवर बसलेला, मान वळवून मागे बघणारा. बाबांचा पोपट. मी फ्रॉकमध्ये असताना तो माझ्यासमोर कागदावर उतरला होता. त्याची चोच कशी आली पाहिजे हे दाखवायला बाबांनी मला हिरवी मिरची धरून उभी केली होती. आता छापून छापून त्याची रया गेली होती, डोळ्याचा नुसता काळा डाग राहिला होता. पार्टीला, म्हणजे कापडाच्या व्यापाऱ्याला, तोच पोपट पाहिजे होता, पण नवा, स्वच्छ, आणि कॉम्प्युटरमध्ये.

"बेटा, अब कागज नहीं चलता. मुझे फाइल चाहिए," शेठ म्हणाले. "तेरे बाप का हाथ तुझमें आया है ऐसा सुना है. बना के दिखा. ठीक बना तो आगे का सब काम तेरा."

मी हो म्हटलं. कॉम्प्युटर घरी होता, दादाने गोडाऊनमधून जुना उचलून आणलेला. मी क्लासही केला होता. पण माऊसने पोपट काढणं म्हणजे बत्त्याने रांगोळी घालणं. चार दिवस खटपट करून जे काही निघालं त्याला बघून आई म्हणाली, "कोंबडी चांगली काढलीस." मग क्लासमधल्या सरांनी सांगितलं की पेनवाली पाटी मिळते, तिच्यावर पेनाने काढायचं आणि समोर पडद्यावर उमटतं. म्हटलं, हे पाहिजे.

पैसे माझे होते, पोरांना चित्रकला शिकवून साठवलेले. त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. न विचारता सगळ्यांनी सांगितलं ते वेगळं. दादा वळ गावाच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता, दिवसभर माल चढवणं-उतरवणं बघायचा, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूचं त्याला समजतं असा त्याचा समज. शनिवारी तो माझ्यासोबत मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात आला, तोही "तुला फसवतील" म्हणून.

दुकानदाराने दोन खोके काउंटरवर ठेवले. एक मोठं, परातीएवढं. एक लहान, शाळेच्या वहीएवढं. पैसे जवळजवळ तेवढेच.

"बड़ा ले लो मॅडम. साथ में माउस फ्री है."

"मोठीच घे," दादा म्हणाला. "तेवढ्याच पैशात कोण लहान घेतं? टीव्ही घेताना लहान घेतो का आपण?"

मी म्हटलं, "दोनों खोलो. चला के देखूंगी."

"खोल के नहीं दिखाते मॅडम."

"तो हम खरीद के नहीं ले जाते."

दुकानदाराने दादाकडे बघितलं, जसं काही माझी चावी दादाच्या खिशात आहे. दादाने मान खाली घातली. त्याला माझा स्वभाव माहीत आहे. मी तिथे उभी राहिले. मागे गिऱ्हाइकं जमायला लागली, एक जण तर "दिखा दे ना यार" म्हणाला, तेव्हा कुठे पठ्ठ्याने वायर जोडली.

आधी मोठी घेऊन बसले. पेन जाड, आत बॅटरी, हातात मुसळ धरल्यासारखं. जोरात रेघ ओढली, झकास आली. दुकानदार म्हणाला, "देखा?" मग मी बाबांची रेघ ओढली. तिरकी, सावकाश, श्वास सोडत. आणि पडद्यावर जिन्याच्या पायऱ्या उतरल्या. पुन्हा ओढली, पुन्हा पायऱ्या. मग लहान पाटी जोडायला लावली. तिचं पेन हलकं, आत बॅटरी नाही. तशीच तिरकी, तशीच सावकाश रेघ. सुतासारखी सरळ आली. मी तीनदा ओढून बघितली आणि म्हटलं, ही द्या.

"इतना छोटा? ये तो बच्चों का है," दुकानदार म्हणाला.

"फिर बच्ची समझ के दे दो."

घरी येईपर्यंत दादा बडबडत होता. एवढे पैसे घातले आणि काय घेतलं तर वही. परत करायला आठ दिवस आहेत, डोकं ठिकाणावर आलं तर सांग. मी खोकं छातीशी धरून होते. मी जिंकले होते ना.

आमचं घर लूमच्या गाळ्यावर. जमीन आमची, खाली गाळा बांधून भाड्याने दिलेला, वर आम्ही. आमच्याकडे कितीतरी जणांचं असंच आहे. आईने पाटीला हळदकुंकू लावलं, सगळे मागे उभे राहिले. बाबासुद्धा आले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी ऐटीत पेन उचललं आणि तिरकी सावकाश रेघ ओढली.

रेघ थरथरली.

थोडीथोडकी नाही. आजारी माणसाची सही असते ना, तशी. मी पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तशीच. जोरात ओढली तर बरी यायची, सावकाश ओढली की थरथर. दहा वेळा ओढली असेल.

"नाचता येईना अंगण वाकडं," दादा म्हणाला. "सांगत होतो मोठी घे."

आई माझ्या हाताकडे बघत राहिली. बाबांनी पडदा बघितला, मग माझा हात बघितला आणि वळून बाहेर गॅलरीत गेले. दादाचं बोलणं मला लागलं नाही. बाबांचं ते वळून जाणं लागलं.

सोमवारी मी एकटी पाटी घेऊन पुन्हा दुकानात गेले. म्हटलं, पीस खराब आहे. त्याने जोडून दिली आणि म्हणाला, चलाओ. मी रेघ ओढली. सरळ आली! पुन्हा ओढली, सरळ. माझं मलाच कळेना. दुकानदाराला तर सोन्याचा दिवस उगवला.

"पीस में कुछ नहीं है मॅडम. घर पे आपका हाथ हिलता होगा. टेन्शन लेते हो. डॉक्टर को दिखा दो."

"हाथ मेरा यहाँ भी वही है, घर पे छोड़ के नहीं आई," मी म्हटलं आणि पाटी उचलून निघाले. घरी येऊन जोडली. थरथर.

खरं सांगते, मी घाबरले. वरून कितीही तोरा मिरवला तरी आतून घाबरले. मला बाविसावं संपून तेविसावं लागलं होतं, आणि बाबांच्यानंतर हाच एक हात होता घरात. भाजी चिरताना मी हाताकडे बघायचे, वेणी घालताना बघायचे. कागदावर रेघा ओढून बघायचे. कागदावर सरळ यायच्या. मी तो कागद नेऊन बाबांसमोर धरला. म्हटलं, हे बघा, आहे का काही? त्या मशीनलाच अक्कल नाही.

बाबांनी कागद घेतला नाही. हात मांडीखाली दाबून बसले होते.

"मना पन कागदावर न्हाय दिसलं पैलं," ते म्हणाले. "बशीत दिसलं. चहा घेताना बशी वाजायची. तुजी आय बोलायची, बशी कशाला वाजवता. मी बोलायचो, मी कुठं वाजवतोय."

त्यांनी हे मला घाबरवायला सांगितलं नाही. खरं ते सांगितलं. मी कागद चुरगळून टाकला आणि आत जाऊन रडले. हो, रडले. आणि रडता रडता ठरवलं की मी हे मानणार नाही. डॉक्टरने सांगितलं तर बघू. एका वहीएवढ्या पाटीच्या सांगण्यावरून मी आजारी पडणार नाही.

घरात मात्र सगळ्यांनी मानलं होतं. आई म्हणाली, रविवारी अकलोलीला जाऊ, लवकर गेलं तर गुण येतो, बाबांना न्यायला उशीर झाला. मी म्हटलं, मला कुंडात काय, समुद्रात बुडवलंस तरी जाणार नाही. गुरुवारी तिने कुठूनतरी दोरा आणला आणि मी जेवत असताना, हात खरकटा असताना, डाव्या हाताने ढकलायच्या आत मनगटावर बांधला. दादाने सांगून टाकलं, शनिवारी सकाळी गाडी काढतो, पाटी परत करून येऊ, शेठना सांग पोपट जमणार नाही. आणि हे तो चिडून नाही, मायेने बोलला. मी आजारी असल्यासारखा मऊ बोलला. त्याचाच जास्त राग आला.

शुक्रवारी दुपारी मी हट्टाने पाटी जोडली. म्हटलं, उद्या जायचीच आहे तर जाण्याआधी हिला एकदा पोपट दाखवते. पेन उचललं आणि रेघ ओढली.

सरळ.

मी डोळे चोळले. दुसरी ओढली. सरळ. पोपटाच्या पाठीचा बाक, मानेचं वळण, शेपटीची लांब लांब पिसं, सगळं सावकाश, एका श्वासात एक रेघ, जसं बाबा काढायचे तसं. मी जेवायला उठले नाही. कोणी दरवाजातून डोकावलं तरी बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत पोपट उभा राहिला, डोळ्यात चमक, चोच मिरचीसारखी. फक्त त्याच्या पायाखालची फांदी राहिली. फांदी काय, पाच मिनिटांचं काम, उद्या करू म्हटलं.

"दोऱ्यानं गुण दिला!" आई म्हणाली आणि देवापुढे साखर ठेवली. मी दोऱ्याकडे बघितलं. लाज वाटते सांगायला, पण दोन मिनिटं माझाही विश्वास बसला.

शनिवारी सकाळी फांदी काढायला बसले आणि थरथर. जशीच्या तशी. दोरा होता तिथेच होता. खाली दादा गाडी चालू करून हॉर्न देत होता, "चल, उशीर होतो." माझं डोकं असं सटकलं की मी पेन पाटीवर टाकलं आणि हात मागे घेतला. म्हटलं, जा, मर.

आणि पडद्यावरचा बाण थरथरत राहिला.

मी बघितलं. पेन पाटीवर आडवं पडलेलं, टोक पाटीला टेकलेलं. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर. आणि बाण आपला जागच्या जागी थुईथुई नाचतोय. बाजूला पाण्याचा पेला होता. त्यात पाण्यावर बारीक बारीक गोल उठत होते. ते गोल मी जन्मापासून बघत आले होते. आमच्या घरात पेल्यातलं पाणी असंच असतं. मला वाटायचं, पाणीच असं असतं. काल मात्र त्या पेल्यातलं पाणी आरशासारखं होतं, हे आता आठवलं.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. कदाचित मघाशीच कळलं असेल आणि तुम्ही मला वेडी म्हणत असाल. आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही भिवंडीचे. खाली दिवसरात्र लूम चालतात, दोन शिफ्टमध्ये, भिंती हलतात, जमीन हलते, आणि आम्हाला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. पाहुणे येतात, ओरडून बोलतात, आम्ही विचारतो, ओरडताय कशाला? लूमचा आवाज आम्हाला फक्त बंद झाल्यावर ऐकू येतो. आणि लूम बंद असतात शुक्रवारी.

मी गॅलरीत जाऊन ओरडले, "दादा, वर ये! आई, बाबा, सगळे या!"

सगळे आले. दादा चावी फिरवत, वैतागलेला. मी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे, आणि म्हटलं, "बघा. आता कोणाचा हात थरथरतोय?"

दादाने बाण बघितला. पेन बघितलं. टेबलाखाली वाकून बघितलं, मी गुडघ्याने हलवत तर नाही ना म्हणून! मग त्याने टेबलावर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"लूम," तो म्हणाला.

"अंगण वाकडं होतं, दादा," मी म्हटलं. "आठ दिवस तुम्ही सगळे माझे पाय बघत होतात. अंगण वाकडं होतं."

"अगो बाई!" आई मटकन खाली बसली. मग हसायला लागली, मग पदर डोळ्यांना लावला. मी दोरा तिच्यासमोर तोडला नाही, पण दात दाखवून दाखवून तिला विचारलं, अकलोलीला कधी जायचं, लूमना घेऊन?

थरथर टेबलातून यायची की लाईटमधून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन्ही असेल. घराला अर्थिंग म्हणून काही नव्हतंच, आणि खालच्या मोटारी आमच्याच तारेवर. दादाने त्या दिवशी पाटी परत करायचं नाव काढलं नाही. संध्याकाळी ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब घेऊन आला, कापून तिचे चौकोन केले आणि टेबलाच्या चारी पायांखाली घातले. मग वायरमन आणून अर्थिंगची तार ओढून घेतली. माफी वगैरे मागितली नाही. आमच्यात दादा लोक माफी मागत नाहीत, ट्यूब कापून आणतात. त्याने बराच फरक पडला. अगदी बारीक सावकाश काम मात्र मी शुक्रवारसाठी ठेवायला लागले.

त्या सकाळी बाबा मात्र जागचे हलले नव्हते. सगळे गेल्यावरही ते त्या नाचणाऱ्या बाणाकडे बघत उभे होते.

"शुक्रवारी नसतं ना हे?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. शुक्रवारी एकदम सरळ."

ते "हां" म्हणाले आणि गेले. मी आनंदात होते, माझा हात मला परत मिळाला होता. त्यांनी ते का विचारलं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी कळलं. मी फांदी काढायला बसणार, तेवढ्यात बाबा आले. दाढी केलेली. दाढी ते स्वतः करत नसत, न्हाव्याकडे जाऊन आले होते. बाहेर जायचा शर्ट घातलेला.

"ऊठ जरा," म्हणाले.

मी उठले. ते खुर्चीत बसले. टेबलाशी बसलेले बाबा मी किती वर्षांनी बघत होते. आई दारात आली आणि तिथेच थांबली. बाबांनी पेन घेतलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, मग विचार केल्यासारखं करून ते सोडून दिलं. श्वास घेतला. आणि पोपटाच्या पायाखाली, डावीकडून उजवीकडे, सावकाश, एक रेघ ओढली.

खाली गाळा बंद होता. पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. आणि रेघ थरथरत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या शांततेत दोष द्यायला कोणीच नव्हतं. बाबा आठवडाभर या शुक्रवारची वाट बघत होते. त्यांना वाटलं होतं, कदाचित आपलंही लूमचंच असेल, इतकी वर्षं, आणि कोणाच्या लक्षात आलं नसेल. मला वाटलं, ती पाटी उचलून खाली फेकून द्यावी.

बाबांनी पेन ठेवलं.

"ही लूमची न्हाय," ते म्हणाले. "ही माजीच हाय."

"पुसून टाक गो," आई मला हळूच म्हणाली. कॉम्प्युटरवर पुसणं किती सोपं. एक बटण दाबलं की रेघ कधी नव्हतीच.

"नाही पुसणार."

"येडी काय तू," बाबा म्हणाले. "पोपट पडंल तिच्यावरनं."

"पडू दे. नाही पुसणार म्हणजे नाही पुसणार."

ते उठून गेल्यावर मी बसले. त्या रेघेखाली दुसरी रेघ ओढली, तिच्या प्रत्येक थरथरीला धरून, एक वळण कमी नाही, एक जास्त नाही. मध्ये तपकिरी रंग भरला, दोन पानं लावली. बाकी पोपट माझा, फांदी बाबांची. फाइल सीडीवर घेतली आणि शेठकडे गेले.

शेठनी पडद्यावर मोठं करून बघितलं. मान डोलावली. "तोता एकदम फर्स्ट क्लास. पर ये डाली ऐसी क्यों? हिलेली लगती है. इसको सीधी कर दे."

"डाली ऐसीच रहेगी."

"अरे बेटा, पार्टी पूछेगी."

"तो बोलना, ये तोता इसी डाली पे बैठता है. डाली नहीं चाहिए तो तोता भी नहीं मिलेगा." मी हात पुढे केला, सीडी परत मागायला. मनात म्हटलं, गेलं काम. गेलं तर गेलं.

शेठ माझ्याकडे बघत राहिले, मग पुन्हा पडद्याकडे. जुनं लेबल त्यांनी उचलून शेजारी धरलं. ते माणूस काही दगड नव्हतं. बाबांना त्यांनी हात चालत असतानाही बघितलं होतं आणि नंतरही.

"किसने बनाई डाली?" त्यांनी विचारलं.

"जिसने पहला तोता बनाया था, उसने."

त्यांनी जुनं लेबल टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि मशीनवाल्याला हाक मारून सीडी त्याच्या हातात दिली.

छापून आल्यावर पहिला गठ्ठा घेऊन मी घरी पळतच आले. बाबा गॅलरीत बसले होते. एक लेबल त्यांच्या हातात दिलं. खाली लूम चालू होते, कागद त्यांच्या बोटांत फडफडत होता, आणि त्यावर पोपट फांदी पायांत गच्च धरून, मान वळवून मागे बघत बसला होता. बाबांनी लेबल डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"न्हाय पडला गो," ते म्हणाले, आणि आईला हाक मारून सांगितलं, चहा टाक, दोघांना.